खलनायकाचा हेतू कोण ठरवतो? पाटणचा माधव, हायरूलचा गॅननडॉर्फ आणि गोव्याचा तिमय्या

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुराच्या प्रतिमा उभ्या राहतात आणि पहाटे त्यांचे दहन होते. त्या असुराला जाळणाऱ्यांनाही तो भूदेवीचा पुत्र होता, ही पुराणातली गोष्ट ठाऊक असते. भूमीच्या पोटी जन्मलेला मुलगा असा का झाला, हा प्रश्न त्या एका तपशिलातून निघतो आणि दहनानंतरही शिल्लक राहतो. खलपात्राने काय केले हे कथा सांगते. त्याने ते का केले, हे ऐकणारा शोधू लागतो. या शोधाला या लेखापुरते आपण ‘हेतुचर्चा’ म्हणू.

आज ही चर्चा सर्वाधिक उत्साहाने चालते ती अद्भुतरम्य संगणकीय खेळांच्या चाहत्यांमध्ये. मात्र तिचे एक जुने आणि बोधप्रद उदाहरण सुरतेत १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गुजराती कादंबरीत सापडते. त्या कादंबरीच्या कथेचा शेवट आपल्या देवगिरीपर्यंत पोहोचतो. आणि तिच्यातला प्रश्न गोव्याच्या इतिहासालाही चुकलेला नाही.

खेळांतील खलनायक

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही जपानी खेळमालिका १९८६ साली सुरू झाली. हायरूल नावाच्या काल्पनिक राज्यावर चालून येणारा गॅनन हा तिचा प्रमुख खलनायक. आरंभी त्याला सत्तेच्या हावेपलीकडे कारण नव्हते. १९९८च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्ये तो गॅननडॉर्फ या नावाने, वाळवंटातील गेरुडो जमातीचा राजा म्हणून समोर आला. २००२च्या ‘द विंड वेकर’मध्ये त्याच्या तोंडी एक छोटे निवेदन आले: आपल्या देशात वारा दिवसा भाजून काढी आणि रात्री गारठवून मारी, हायरूलच्या हिरव्या प्रदेशावरून वाहणारा वारा मात्र वेगळा होता, आणि आपल्याला तो वारा हवासा वाटला. या मोजक्या वाक्यांवर चाहत्यांनी विवेचनांचा डोलारा उभा केला. कोणी त्याला वंचित प्रजेचा कैवारी ठरवले. कोणी म्हटले, जमातीच्या दुःखाचे हे निमित्त पराभवाच्या उंबरठ्यावर सुचलेले आहे.

२०११च्या ‘स्कायवर्ड स्वॉर्ड’ने या चर्चेला निराळे वळण दिले. त्यात डिमाइस नावाचा आदिम असुर मरताना शाप देतो, की आपला द्वेष पुनःपुन्हा जन्म घेईल. गॅननडॉर्फ जर त्या शापाचेच फळ असेल, तर वाऱ्याची हाव हे कारण उरते कुठे? आणि माणूस शापाने बांधलेला असेल, तर त्याला दोष तरी कसा द्यावा?

‘फायनल फँटसी’ मालिकेच्या १९९४ सालच्या सहाव्या भागातील केफ्का हा विदूषकी वेशाचा खलनायक जगाचा विध्वंस करतो. त्याच्यावर जादूशक्तीचा प्रयोग झाला आणि त्यात त्याचे मन मोडले, एवढीच माहिती एक दुय्यम पात्र ओझरती देऊन जाते. त्या ओझरत्या उल्लेखावर केफ्काविषयीची बहुतेक सहानुभूती उभी आहे. याउलट २००२च्या ‘वॉरक्राफ्ट ३’मधील राजपुत्र आर्थसचे पतन खेळाडूच्या डोळ्यांदेखत घडते. दूषित धान्य खाल्लेल्या नगरवासीयांचे प्रेतसैनिक होणार हे कळताच तो त्यांच्या सरसकट कत्तलीचा निर्णय घेतो. प्रजेच्या रक्षणासाठी उचललेले ते पाऊल होते की क्रौर्याची पहिली पायरी, यावरील वाद अजून मिटलेला नाही.

या उदाहरणांत हेतूच्या तीन जाती दिसतात: अन्यायाचा सूड, दुसऱ्याच्या वैभवाची हाव आणि शाप किंवा स्वभाव. सुरतेच्या कादंबरीतही फिरून याच तीन जाती भेटतात.

सुरतेची ‘करण घेलो’

नंदशंकर तुळजाशंकर मेहता यांचा जन्म १८३५ साली सुरतेत झाला. ते तेथील इंग्रजी शाळेचे मुख्याध्यापक होते. इंग्रजी कादंबऱ्यांच्या धर्तीवर गुजरातीत ग्रंथ व्हावेत, अशी इच्छा शिक्षणखात्यातील रसेल या अधिकाऱ्याने त्यांच्याजवळ व्यक्त केली आणि त्यातून ‘करण घेलो’ साकारली. ती गुजरातीतील पहिली स्वतंत्र कादंबरी मानली जाते. मराठी ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ ज्या ‘मोचनगड’पासून धरतात, ती रा. भि. गुंजीकरांची कादंबरी १८७१ची. म्हणजे सुरतेचे हे पुस्तक तिच्या पाच वर्षे आधीचे.

कथा आहे अणहिलवाड पाटणचा अखेरचा वाघेला राजा करण याची. त्याचा प्रधान माधव हा नागर ब्राह्मण. माधवाच्या पत्नीवर, रूपसुंदरीवर, राजाची नजर जाते. माधवाला दूर धाडून राजा तिचे हरण करतो. तिच्या रक्षणासाठी पुढे आलेला माधवाचा भाऊ केशव मारला जातो. केशवाची पत्नी गुणसुंदरी सती जाताना राजाला शाप देते. सूडाने पेटलेला माधव दिल्ली गाठतो आणि अलाउद्दीन खिलजीला गुजरातवर स्वारी करण्यास उद्युक्त करतो. राज्य बुडते.

‘घेलो’ म्हणजे वेडा, खुळा. गुजरातच्या लोकस्मृतीत परकी सेना घेऊन येणारा माधव हा घरभेदी. पण वेडेपणाचे दूषण मात्र राजाच्या नावाला कायमचे चिकटले आणि मेहतांनी तेच शीर्षक केले. वाचकाने न्यायनिवाडा कोठून सुरू करावा, हे त्या एका शब्दाने सुचवले जाते. पुढच्याच वर्षी, १८६७ साली, सुरतेच्या ‘गुजरात मित्र’ या पत्रात नवलराम पंड्या यांनी कादंबरीचे परीक्षण लिहिले. गुजराती समीक्षेचा आरंभ पुष्कळदा तेथून मोजतात.

अंतराबरोबर वाढलेला हेतू

माधव ही केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हे. वढवाण येथील ‘माधावाव’ म्हणून ओळखली जाणारी पायऱ्यांची विहीर माधव आणि केशव या मंत्र्यांनी बांधली, अशी परंपरा आहे. जैन आचार्य जिनप्रभसूरी यांच्या ‘विविधतीर्थकल्प’ या चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात विक्रम संवत १३५६मध्ये, म्हणजे इ. स. १२९९च्या सुमारास, अलाउद्दीनचा धाकटा भाऊ उलुघखान मंत्री माधवाच्या प्रेरणेने गुजरातवर निघाल्याचा उल्लेख आहे. घटनेला सर्वांत जवळच्या साधनांपैकी हे एक. त्यात कृत्य आहे. जखमेची कहाणी नाही.

ती कहाणी ठसठशीतपणे भेटते पद्मनाभाच्या ‘कान्हडदे प्रबंधा’त. जालोरच्या दरबारातील या कवीने १४५५ साली, स्वारीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, हे काव्य रचले. त्यात राजा माधवाचा अपमान करतो, केशवाला मारतो आणि केशवाच्या पत्नीला आपल्या महाली ठेवतो. अलेक्झांडर किन्लॉक फोर्ब्स यांनी १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रासमाला’त भाटांची परंपरा आली. तिच्यात हरण होते ते माधवाच्याच पत्नीचे. मेहतांनी हाच धागा उचलला. भावजयीच्या जागी स्वतःची पत्नी आली आणि सूडाचे कारण अधिक निकटचे, अधिक धारदार झाले.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. पद्मनाभ नागर ब्राह्मण होता. नंदशंकर मेहताही सुरतेचे नागर. ज्या ज्ञातीच्या माथी राज्य बुडवल्याचा ठपका येत होता, त्याच ज्ञातीच्या दोन लेखकांनी माधवाचे दुःख विस्ताराने सांगितले. त्यामुळे त्यांचे कथन खोटे ठरत नाही. पण ते कोणाच्या ओसरीवर बसून सांगितले गेले, हे वाचकाला कळते.

या सर्व पाठांतरांत जिचे हरण झाले त्या स्त्रीचे स्थान मात्र अस्थिर आहे. कधी ती भावाची पत्नी, कधी माधवाची. तिची ओळख बदलली तरी कथानकाला बाधा येत नाही, कारण ती पुरुषाच्या सूडाचे निमित्त एवढ्याच कामासाठी तेथे आहे. माधवाच्या हेतूवर शतकानुशतके लिहिले गेले. तिला काय वाटले, हा प्रश्न त्या मानाने क्वचितच कोणी विचारला.

हेतूच्या आड राहिलेली कारणे

माधवाच्या सूडाने गुजरात बुडाले, हे स्पष्टीकरण आटोपशीर आहे. एक अपराधी राजा, एक दुखावलेला प्रधान आणि त्याचे अटळ फळ. पण अलाउद्दीनने १२९६ साली, सुलतान होण्यापूर्वीच, देवगिरीवर अचानक चाल करून रामचंद्रदेव यादवाकडून प्रचंड संपत्ती नेली होती. विंध्यापलीकडे जाण्यासाठी त्याला तेव्हा कोणा अन्यायग्रस्त प्रधानाची गरज भासली नव्हती. गुजरातेत खंबायतसारखे श्रीमंत बंदर होते, सोमनाथसारखे देवस्थान होते. १२९९च्या स्वारीत दोन्ही लुटली गेली. खंबायतेतच पुढे दक्षिणेच्या मोहिमांचा सेनानी झालेला मलिक काफूर दिल्लीच्या फौजेच्या हाती लागला. या स्वारीची हकिकत देणाऱ्या बरनीच्या इतिहासात माधवाचे नावही येत नाही. जिंकणाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा सूड ही नोंदवण्याजोगी गोष्ट नव्हती.

पराभूत करणने पुढे बागलाणात आश्रय घेतला. त्याची कन्या देवलदेवी देवगिरीच्या राजपुत्राकडे पाठवली जात असता वेरूळ लेण्यांच्या परिसरात खिलजीच्या सैनिकांच्या हाती पडली, असे फरिश्त्याच्या इतिहासात आहे. अमीर खुसरोने तिच्या आणि शहाजादा खिज्रखानाच्या प्रेमावर दीर्घ काव्य रचले. एका दरबारात तिची कथा प्रेमकाव्य झाली, दुसरीकडे तीच राज्यनाशाची परिसीमा ठरली.

याचा अर्थ माधवाचा राग कल्पित होता, असे नव्हे. दुखावलेला मंत्री शत्रूला वाटा, किल्ले आणि दरबारातील फाटाफूट सांगू शकतो आणि त्याने स्वारी सुकर होते. ‘स्वारी सुकर केली’ आणि ‘स्वारी घडवली’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे. हेतुचर्चेत ते अंतर पुष्कळदा पुसले जाते.

गोव्याचा तिमय्या

हेच अंतर गोमंतकीय वाचकाने आपल्या इतिहासातही मोजून पाहण्यासारखे आहे. होनावरचा आरमारी सरदार तिमय्या, पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘तिमोजा’, याने १५१० साली आफोन्सो द आल्बुकर्कला गोव्यावर चालून जाण्याचा सल्ला दिला. विजापूरचा जुना सत्ताधीश मेला आहे, त्याचा वारस दूर गुंतला आहे आणि रहिवासी असंतुष्ट आहेत, असे त्याने सांगितल्याचे पोर्तुगीज वृत्तान्त नोंदवतात. त्या वर्षाच्या आरंभी गोवा पोर्तुगिजांच्या हाती पडला, मे महिन्यात आदिलशाही फौजेने तो परत घेतला आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकर्कने तो पुन्हा जिंकला.

तिमय्याच्या हेतूविषयी तीन मते पुनःपुन्हा मांडली जातात. आदिलशाही जाचातून येथील हिंदू प्रजेला सोडवावे, हा एक हेतू. गोव्याचा कारभार आपल्या हाती यावा, हा दुसरा. त्याने तशी मागणी केल्याचे आणि त्याला ठाणेदारकी व महसुलाचा अधिकार मिळाल्याचे वृत्तान्तांत आहे. घोड्यांच्या व्यापारावर डोळा असलेल्या विजयनगरचे हित, हा तिसरा. कोणी त्याला मुक्तिदाता म्हणतो, कोणी घरभेदी. दोन्ही शब्दांत तिमय्याला साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज सत्तेचे ज्ञान आधीच होते, असे गृहीत धरलेले असते. १५१०च्या फेब्रुवारीत त्याच्यासमोर होता तो समुद्रावरून आलेला एक लष्करी भागीदार. दोन सत्तांमध्ये तिसरीला आणून आपले पारडे जड करणे हा त्या काळच्या किनाऱ्यावरील सरदारांचा परिचित डाव होता. तो उलटला, हे आपल्याला नंतर कळलेले सत्य आहे.

हेतू तपासताना

खेळातले पात्र असो वा इतिहासातले, हेतुचर्चा करताना काही प्रश्न उपयोगी पडतात. हेतू कोणाच्या तोंडून सांगितला गेला: पात्राच्या, त्याच्या शत्रूच्या की त्याच्या आप्तांच्या? कृत्यानंतर किती काळाने तो कथेत आला? त्या हेतूने कृत्य समजते, की क्षम्य ठरते? आणि तो मान्य केल्यावर कोणती इतर कारणे व कोणती माणसे नजरेआड होतात?

खेळांच्या चाहत्यांना एक सवलत असते. गॅननडॉर्फच्या वाऱ्यावर कितीही तर्क लढवले, तरी हायरूलमध्ये खरोखर कोणी मेलेले नाही, आणि पुढच्या भागात निर्माते त्याला नवा हेतू देऊ शकतात. माधव आणि तिमय्या यांच्या बाबतीत तशी मुभा नाही. त्यांच्या हेतूंवरून आजही एखाद्या ज्ञातीला, एखाद्या धर्माच्या लोकांना, एखाद्या गावाला ‘तुमच्या पूर्वजांनी दार उघडले’ असे ऐकवले जाऊ शकते. म्हणून तेथे तर्क लढवणाऱ्याने पुराव्याची पायरी सांगितली पाहिजे. जिनप्रभसूरींनी नोंदवलेली मंत्र्याची प्रेरणा ही एक पायरी. पद्मनाभाच्या काव्यातला अपमान ही दुसरी. मेहतांच्या कादंबरीतली रूपसुंदरी ही तिसरी. तिन्ही पायऱ्यांवर उभे राहून माधवाकडे पाहता येते. मात्र आपण कोणत्या पायरीवरून बोलत आहोत, हे बोलणाऱ्याला ठाऊक असावे लागते.