जुने घर आणि वादळवारा

जुन्नर तालुक्यातील कुकडीकाठचे बोरी बुद्रुक हे गाव अभ्यासकांच्या जगात ज्वालामुखीच्या राखेमुळे ओळखले जाते. नदीकाठच्या थरांत सापडलेली ही राख सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातून आली, असे अनेक संशोधक मानतात. तिच्या वयाविषयी दीर्घकाळ मतभेदही होते. तीन हजार किलोमीटरवरून राख वाहून आणणाऱ्या वाऱ्याचे सामर्थ्य यावरून ध्यानी यावे. त्या वाऱ्यापुढे आपले जुने घर टिकेल काय, हा प्रश्न या परिसराला तीव्रतेने पडला तो ३ जून २०२० रोजी.

त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. तेथे वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत होते. सह्याद्री ओलांडताना जोर ओसरला, तरी मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांत घरांवरील पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले, हरितगृहे भुईसपाट झाली. चक्रीवादळ ही कोकणची गोष्ट, हा घाटमाथ्यावरचा जुना समज त्या एका दिवसात गळून पडला.

या भागातील जुनी घरे हवामान पाहूनच बांधली गेली. घडीव दगडांचे जोते, त्यावर दगडमातीच्या अथवा भेंड्यांच्या जाड भिंती, दगडी तळखड्यांवर उभे लाकडी खांब आणि त्यांवर तुळया, अशी रचना सर्वत्र आढळते. पश्चिमेकडे पाऊस अधिक, म्हणून तेथे उतरते कौलारू छप्पर. पूर्वेकडे पाऊस कमी, म्हणून तेथे मातीचे सपाट धाबे. वाड्यांना बाहेरच्या बाजूस खिडक्या मोजक्याच ठेवीत; उजेड चौकातून येई. त्यामुळे वादळात वारा घरात शिरून छपराला आतून रेटण्याचा धोकाही कमी होई. पुढे १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि कालांतराने नळीच्या कौलांची जागा मंगलोरी कौलांनी घेतली. त्यानंतर आला लोखंडी पत्रा: स्वस्त, हलका, गळती थांबविणारा आणि दरवर्षीच्या कौलशाकारणीतून सुटका करणारा.

या बदलाचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडला. अर्धा फूट मातीच्या धाब्याचे वजन दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास, मंगलोरी कौलांचे सुमारे ४० किलो, तर पातळ पत्र्याचे जेमतेम ५ किलो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब त्याच क्षेत्रावर सुमारे २४ किलो असतो. ताशी १२० किलोमीटरला तो सुमारे ६८ किलो होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. छपराच्या कडांना व कोपऱ्यांना हा वारा खाली दाबत नाही, वर ओढतो. धाबे आपल्या वजनाने जागीच राही. पत्र्याला त्या वजनाचा आधार नाही. त्याला बांधूनच ठेवावे लागते. भारतीय मानकानुसार पुणे शहरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला जातो, हे येथे लक्षात घ्यावे.

मग पुन्हा जड छप्परच घालावे काय? त्याचे उत्तर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दिले आहे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचे मातीचे ओझे यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. घराला तारते ते वजन नव्हे. तारते ती बांधणी.

म्हणून जुन्या घराची डागडुजी छपरापासून नव्हे, पायापासून सुरू व्हावी. प्रथम जोत्याभोवतीचे पाणी दूर काढावे. भिंतीत दडलेली तुळयांची टोके वाळवीने व ओलीने पोखरली आहेत काय, ते पाहावे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये. त्याने ओल आत कोंडते व लाकूड कुजते. नंतर वासे तुळयांना आणि तुळया खांबांना लोखंडी पट्ट्यांनी जखडाव्यात. खांबही जोत्याला व भिंतीला पक्के बांधावेत. पत्रे घालायचेच असतील, तर कडेला व आढ्यापाशी हुक जवळजवळ लावावेत. ओट्यावरील पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवावे, म्हणजे पडवी उडाली तरी घर उघडे पडणार नाही. वादळात दारे-खिडक्या घट्ट बंद राहतील, अशा कड्याही हव्यात.

या कामांपैकी बहुतेक बाहेरून दिसत नाहीत. त्यामुळे खर्चाच्या वेळी त्यांनाच प्रथम कात्री लागते आणि रंगरंगोटीवर पैसा जातो. कापड कितीही भारी असले, तरी शिवण कच्ची असेल तर अंगरखा टिकत नाही. पूर्वजांनी उभारलेले जोते व खांब आजही अनेक ठिकाणी भक्कम आहेत. त्यांना वरच्या छपराशी घट्ट जोडून देणे, हे पुढच्या पिढीचे कर्तव्य आहे. तेवढे केले, तर जुने घर पुढच्या वादळालाही धीराने सामोरे जाईल.