मोर रुसला

'तानापिहिनिपाजा' हा शब्द कोणत्याही कोशात सापडणार नाही. तरी इंद्रधनुष्याचे सात रंग आपण त्याच्याच आधाराने लक्षात ठेवले. छंदशास्त्राचे गणही 'यमाताराजभानसलगा' या सूत्रात बांधलेले आहेत. इंग्रजी शब्द मात्र आपण घोकतच आलो.

उदगीर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. घरी मराठी, बाजारात कन्नडही, माध्यमिक शाळेत उर्दू आणि त्यावर इंग्रजी! इतक्या भाषा म्हणजे मुलाच्या डोक्याला ओझेच, असे कोणालाही वाटेल.

१९७५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वेगळा विचार करायला लावतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड ॲटकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले. एका गटाला प्रत्येक शब्दाशी उच्चाराने जुळणारा स्वतःच्या भाषेतला शब्द दिला आणि दोहोंचे एकत्र चित्र मनात रंगवायला सांगितले. या गटाला ७२ टक्के अर्थ आठवले, दुसऱ्याला ४६. सहा आठवड्यांनी हे आकडे ४३ व २८ वर आले. युक्ती उपयोगी पडली, पण उजळणीवाचून तीही विरली.

म्हणजे परका शब्द टांगायला खुंटी घरच्या भाषेचीच लागते. 'मोरोस' म्हणजे खिन्न. रुसलेला मोर डोळ्यांसमोर आणा! ज्याला दोन-तीन भाषा येतात, त्याच्याजवळ खुंट्याही अधिक. वर्गात अशी चित्रे मुलांनाच शोधू द्या. आणि आठवड्याने तोच शब्द वाक्यात वापरायला सांगायला विसरू नका.