लिंकनची दोन पत्रं

अप्रेझलचा सीझन आला की एचआरवाले 'फीडबॅक सँडविच' शिकवतात. आधी कौतुक, मधे टीका, शेवटी पुन्हा कौतुक. गंमत म्हणजे समोरच्याला मधलं सारण बरोब्बर कळतं आणि दोन्ही ब्रेड खोटे वाटतात! टीका गोड न करताही पचेल अशी कशी करायची, हे बघायचं तर अब्राहम लिंकनची १८६३ सालची दोन पत्रं बघावीत.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. डिसेंबर १८६२ मधे फ्रेडरिक्सबर्गला जनरल बर्नसाइडने सपाटून मार खाल्ला. त्याच्या हाताखालचा जोसेफ हूकर उघडउघड त्याच्या नावाने बोटं मोडायचा. वर 'देशाला हुकूमशहाच हवा' असंही म्हणाल्याचं लिंकनच्या कानावर आलं. लिंकनने काय करावं? बर्नसाइडच्या जागी हूकरलाच नेमलं, आणि २६ जानेवारीला त्याला एक पत्र लिहिलं.

सुरुवातीला शौर्य, आत्मविश्वास वगैरे. मग थेट मुद्दा: तुम्ही बर्नसाइडना आडवे गेलात, हा देशावर आणि सहकाऱ्यावर अन्याय होता. जिंकणारे सेनापतीच हुकूमशहा होऊ शकतात. तुम्ही विजय आणा, हुकूमशाहीचा धोका मी पत्करतो! आणि वरिष्ठांवर टीका करायची जी सवय तुम्ही सैन्याला लावलीत, ती आता तुमच्यावरच उलटेल. ती मोडायला मी मदत करीन.

हूकर चिडला नाही. बापाने मुलाला लिहावं तसं पत्र आहे, असं त्याने एका पत्रकाराला सांगितलं. पण म्हणून तो जिंकला का? नाही. मे महिन्यात चॅन्सेलर्सव्हिलला जवळपास दुप्पट फौज असून हरला. टीका आवडणं वेगळं, आणि काम होणं वेगळं.

दुसरं पत्र जनरल मीडला. जुलैमधे त्याने गेटिसबर्ग जिंकलं, पण शत्रूचा सेनापती ली नदीपार निसटला. लिंकनची नाराजी कळताच मीडने राजीनामा देऊ केला. १४ जुलैला लिंकनने लिहिलं: सोन्यासारखी संधी गेली, मला अतोनात दुःख झालंय. पण ते पत्र त्याने पाठवलंच नाही. मीड युद्ध संपेपर्यंत, १८६५ पर्यंत, त्याच पदावर राहिला.

मला यातला फरक असा वाटतो. हूकरच्या पत्रात उद्या करण्यासारखं काहीतरी होतं, मदतीचा शब्द होता. मीडच्या पत्रात फक्त हातची गेलेली संधी होती. ते वाचून त्याने करायचं तरी काय?

टीकेचा मेल लिहून झाला की एवढंच तपासावं. बाकी ड्राफ्ट्सचा फोल्डर आहेच!