मामाचा कॉम्प्युटर आणि २१ वर्षांचं प्रमाणपत्र

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण फार जुन्या इतिहासाचा नाही. सुरुवात ३ ऑक्टोबर २०२१च्या एका फोनपासून करतो. रविवारची संध्याकाळ होती. मी पुण्यात, आणि मालवणजवळ देवबागहून मामाचा फोन आला.

"गुगल उघडता, फेसबुक उघडता, यूट्यूब उघडता. पण आपलाच पान उघडणा नाय. काय केलंस रे तू?"

आपलंच पान म्हणजे मामाच्या होमस्टेची वेबसाइट. २०१९ मध्ये ती मीच करून दिली होती. नोकरीला नवीनच लागलो होतो, उत्साह दांडगा होता. बुकिंग आलं की ते त्या साइटच्या आतल्या पानावर दिसायचं आणि मामा तिथेच खोल्या 'भरलेल्या' म्हणून टाकायचा.

वेळ कुठली ते बघा. मे महिन्यात तौक्ते वादळाने दोन खोल्यांची कौलं आणि माड नेले होते. त्याआधी लॉकडाऊन. कर्ज काढून छप्पर घातलेलं. ९ ऑक्टोबरला चिपीचा विमानतळ सुरू होणार होता आणि दिवाळीची बुकिंगं यायला लागली होती. ती येतायत हे मामाला कळत होतं, कारण त्याच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर साइट व्यवस्थित उघडायची. पण आतलं पान एवढंसं, चष्मा लावूनही त्यावर काम होईना. या गडबडीत एकच खोली दोन कुटुंबांना गेली. एकाची माफी मागून पैसे परत केले. वर नवीन राउटरचे अठराशे रुपये गेले, कारण कोणीतरी सांगितलं की राउटरच खराब आहे.

"काही साइट उघडतात, काही नाही" ही तक्रार ऐकली की आम्ही संगणकवाले एका ठरावीक क्रमाने जातो. गंमत म्हणजे तो क्रम इंटरनेटच्या इतिहासाचाच आहे. सगळ्यात खालचा थर, होस्ट्स नावाची फाइल. १९८३पूर्वी सगळ्या नेटवर्कवरच्या संगणकांची नावं अशा एकाच यादीत असायची. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची. यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. पण ती जुनी फाइल अजून प्रत्येक विंडोजच्या पोटात आहे आणि व्हायरसवाले तिच्यात उद्योग करून ठेवतात. मामाच्या फाइलमध्ये काही नव्हतं. डीएनएस बरोबर उत्तर देत होतं.

"सरकारान बंद केल्यान काय?" मामाने विचारलं. हसू नका. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या सांगण्यावरून ३२ साइट बंद झाल्या. त्यात गिटहब आणि इंटरनेट अर्काइव्हसुद्धा होते. माझ्यासारख्यांचं रोजचं काम ज्यावर चालतं ते गिटहब! तेव्हा शंका रास्त होती. पण देवबागच्या होमस्टेवर सरकारची एवढी मर्जी असायचं कारण नव्हतं.

मग मी विचारलं, "मामा, पडद्यावर नेमकं काय लिहिलंय ते वाच." हे खरं तर पहिल्या मिनिटाला विचारायला हवं होतं. त्याने वाचलं, कनेक्शन खाजगी नाही, आणि खाली बारीक अक्षरांत एक इंग्रजी ओळ, 'सर्ट डेट इनव्हॅलिड'. म्हणजे प्रमाणपत्राची तारीख चुकीची.

इथे नेहमीचा चोर म्हणजे मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल. तो संपला की घड्याळ मागे जातं आणि संगणकाला वाटतं की साइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. खाऱ्या हवेत पत्राही टिकत नाही, तिथे सेलचं काय! पण मामाचं घड्याळ अगदी बरोबर होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात ती तारीख आली. ३० सप्टेंबर.

आता थोडं मागे जाऊ. ब्राउझर आणि साइट यांच्यातलं बोलणं कुलूपबंद करायची सोय नेटस्केप कंपनीने १९९४-९५च्या सुमारास आणली. कुलूप लावणं हा अर्धाच भाग. समोरचा खरंच तोच आहे का, हे कोणी सांगायचं? त्यासाठी प्रमाणपत्र. ते देणाऱ्या कंपन्या ठरलेल्या आणि त्यांची मूळ प्रमाणपत्रं तुमच्या संगणकात आधीच भरलेली. त्या यादीतल्या कोणीतरी हमी दिली तरच दार उघडतं.

आपल्या किनाऱ्याला ही कल्पना नवी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा कार्ताझ नावाचा परवाना जवळ नसेल तर कोकणातलं गलबत भर समुद्रात पकडलं जायचं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक द्यायला सुरुवात केली. कागद कोणाचा आणि तो मानणारा कोण, यावर सगळं. फरक एवढाच की कार्ताझ ही सरळसरळ दादागिरी होती.

प्रमाणपत्रं बरीच वर्षं विकत घ्यावी लागायची, म्हणून छोट्या साइट त्यांच्या वाटेला जात नसत. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी मिळून लेट्स एन्क्रिप्ट काढलं, आणि डिसेंबर २०१५पासून कोणालाही प्रमाणपत्र फुकट मिळायला लागलं. जुलै २०१८ मध्ये क्रोमने बिनकुलपाच्या साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारायला सुरुवात केली. २०१९ मध्ये मामाची साइट करताना मी अर्थातच फुकटचं घेतलं.

अडचण अशी की लेट्स एन्क्रिप्टचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र २०१५चं. त्याआधीच्या संगणकांच्या यादीत ते असणार कुठून? म्हणून त्यांनी एका जुन्या घराण्याची हमी घेतली. गावात नवा बिऱ्हाडकरू आला की जुना घरवाला सांगतो ना, "आमचाच माणूस आहे", तसं. हे जुनं घराणं म्हणजे डीएसटी रूट सीए एक्स३. ते ३० सप्टेंबर २००० रोजी तयार झालं. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला त्याच्याही सतरा दिवस आधी. त्याची मुदत संपली ३० सप्टेंबर २०२१ला, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटं १५ सेकंदांनी.

नव्या संगणकांना काही फरक पडला नाही, त्यांच्या यादीत नवं नाव येऊन बसलेलं होतं. मामाकडे विंडोज ७ होतं आणि डेटा वाचवायला अपडेट कित्येक वर्षं बंद. त्याच्या यादीत फक्त जुनं घराणं, आणि त्या गुरुवारी संध्याकाळी ते वारलं. गुगल-फेसबुक दुसऱ्यांची प्रमाणपत्रं वापरत होते, म्हणून ते चालू.

मग जुन्या फोनवर कसं उघडत होतं? हा माझा आवडता भाग. नोव्हेंबर २०२० मध्ये लेट्स एन्क्रिप्टने सांगितलं होतं की अँड्रॉइड ७.१.१च्या आधीचे फोन, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ एक तृतीयांश अँड्रॉइड, या तारखेनंतर अडकतील. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की जुनं अँड्रॉइड मूळ प्रमाणपत्राची तारीख तपासतच नाही. दीड महिन्यात त्यांनी मेलेल्या घराण्याचीच आणखी तीन वर्षांची हमी लिहून घेतली. कामात थोडा ढिसाळ म्हणून फोन वाचला, आणि नियमाने वागणारा संगणक अडकला.

खात्री करायला मी मामाला सांगितलं, "घड्याळ मागे कर. तारीख २९ सप्टेंबर टाक." त्याने केलं. पान उघडलं. पलीकडून मामी ओरडल्याचं मला पुण्यात ऐकू आलं. मामा लगेच बुकिंगं उतरवून घ्यायला बसला, आणि तेवढ्यात फोनची रेंज गेली.

कायमचा उपाय दोन प्रकारे होता. एक म्हणजे नवं मूळ प्रमाणपत्र त्या संगणकात हाताने बसवणं. ते मी केलं नाही. फोनवरून कोणीतरी सांगतंय म्हणून यादीत नवीन नाव घालायचं, ही सवय मामाला लावायची नव्हती. उद्या दुसरा कोणी फोन करेल. दुसरा उपाय फायरफॉक्स. क्रोम तेव्हा विंडोजची यादी वापरायचा, फायरफॉक्स स्वतःची घेऊन येतो आणि तिच्यात नवं नाव होतं.

हे सगळं मामाला समजावताना त्याने विचारलं, "ह्या यादीतली ही माणसां कोण? माका कोणी इचारल्यानी?" कोणीच विचारलं नाही. यादी मायक्रोसॉफ्ट, मोझिला, ॲपल ठरवतात. २०१४ मध्ये भारत सरकारचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं. त्या जुलैत गुगलला दिसलं की त्याच्या हाताखाली एनआयसीकडून गुगलच्याच नावाची बेकायदा प्रमाणपत्रं निघाली आहेत. मग क्रोमने भारताची हमी मोजक्या भारतीय डोमेनपुरतीच मानायची असं ठरवलं. एका सरकारची पत एका ब्राउझर कंपनीने कापली, आणि मला ते तेव्हाही बरोबर वाटलं होतं, आताही वाटतं. मामाला वाटलं नाही. त्यावर आमचं अजून एकमत नाही.

पण हे बोलणं सोमवारी रात्रीचं. मधे एक घोळ झाला होता. रविवारी रेंज गेली, त्या नादात घड्याळ पुढे करायला आम्ही दोघंही विसरलो. सोमवारी दिवसभर मामाने आरामात काम केलं. संध्याकाळी साडेसात वाजून गेल्यावर त्याचा फोन आला.

"परत बंद पडला मरे!"

मी विचारलं, "मामा, कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?"

"तीस सप्टेंबर," मामा म्हणाला.