बाटली क्रमांक ५३-एन : आधुनिक औषधनिर्मितीच्या उगमाचा एक पुरावा

वैद्यकाचीं जुनीं बाडें संग्रहीं ठेवणाऱ्या वाचकांस हें विदितच आहे कीं, त्यांत द्रव्यांचीं नांवें, मात्रा, अनुपान व पथ्य इतकें बहुधा दिलेलें असतें. परंतु अमुक औषध कोणत्या दिवशीं, कोणाच्या हातून व किती तयार झालें, हें सहसा आढळत नाहीं. ही उणीव लेखकाच्या अनवधानाची नव्हे. धाराशिव जिल्ह्यांतील तेरणाकांठचें माकणी घ्या कीं दुसरें कोणतेंही गांव घ्या. वैद्य, त्याचा खल आणि रोगी हे एकाच पंचक्रोशींत नांदत असतां अशा नोंदीचें कारणच नव्हतें. औषधाचा साक्षी वैद्य स्वतः होता. ही साक्ष माणसाकडून कागदाकडे केव्हां गेली, तेथेंच आधुनिक औषधधंद्याचा उगम शोधावा, असें आमचें मत आहे.

इ. स. १८७२ मध्यें कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं पनवेल येथें ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला, तेव्हांच या स्थित्यंतरास आपल्याकडे आरंभ झाला होता. तथापि त्याचें खरें मर्म उघड करणारें प्रकरण मुंबईच्या प्लेगाचें आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें डॉ. व्हिएगस यांनीं मांडवी भागांत प्लेग ओळखला. लागलीच सरकारनें वाल्देमार हाफकिन यांस मुंबईस पाचारण केलें. ग्रँट वैद्यक महाविद्यालयांतील अपुऱ्या जागेंत त्यांनीं लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. कृति अशी : मांसाच्या रसांत तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे, त्यांच्या आधारें जंतु वाढून खालीं लोंबूं लागत, मग उष्णतेनें ते मारावयाचे. घरोघरींचें तूप या नव्या विद्येच्या उपयोगीं पडलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. इ. स. १८९९ मध्यें हें काम परळ येथील गव्हर्नरच्या जुन्या निवासस्थानीं गेलें. यापुढें परळास भरलेली बाटली शेंकडों कोस दूर, भरणाऱ्यास न ओळखणाऱ्या लोकांत उघडली जाऊं लागली. तिची ओळख म्हणजे तिच्यावरील क्रमांक, एवढीच.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील, सांप्रत पाकिस्तानांत असलेल्या, मलकोवाल गांवीं १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मरण पावले. हे सर्व ५३-एन या एकाच बाटलींतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांस धनुर्वात झाला नाहीं. चौकशीमंडळानें दोष बाटली उघडण्यापूर्वींचा, म्हणजे परळचा, ठरविला. पंजाबची निकड भागविण्यासाठीं हाफकिन यांनीं कार्बोलिक आम्ल घालण्याचें सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, तेंही त्यांच्या अंगावर आलें. त्यांचें संचालकपद गेलें.

येथें पुराव्याचा विचार करणारांस एक परिचित हेत्वाभास दिसेल. पोथींत प्रक्षेप आहे एवढें सिद्ध झाल्यानें तो मूळ कर्त्याचा ठरत नाहीं. तो कोणत्या हातीं शिरला, हें निराळें दाखवावें लागतें. बाटलींत उरलेल्या द्रवांत मागाहून विष सांपडलें. पण तें केव्हां शिरलें, हें त्यावरून ठरत नव्हतें. उलट, बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करतांच वापरला गेला, अशी साक्ष कागदपत्रांत नमूद होती. शिवाय धनुर्वाताचे जंतु आधींच वाढलेले असते, तर उघडतांना दुर्गंधि आली असती; तशी ती आली नव्हती. हे कागद प्रसिद्ध झाल्यावर रोनाल्ड रॉस प्रभृति शास्त्रज्ञांनीं जुलै १९०७ मध्यें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत हाफकिन यांची बाजू मांडली, व त्याच वर्षीं ते दोषमुक्त झाले. ते कलकत्त्यास परतले, परंतु परळची संस्था पुन्हा त्यांच्या स्वाधीन झाली नाहीं. इ. स. १९२५ मध्यें त्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें, इ. स. १९३० मध्यें ते लोझान येथें वारले.

या प्रकरणांत एकोणीस जीव गेले, आणि एका निरपराध संशोधकाचीं पांच वर्षें गेलीं. मृत्यूंचा संबंध एका बाटलीशीं जुळला तो तिच्यावरील क्रमांकानें. संशोधकाची सुटका झाली ती लिहून ठेवलेल्या साक्षीनें. दोन्हीं कामें कागदानें केलीं. पुढें औषधांच्या प्रत्येक घाण्यास क्रमांक व दिनांक देण्याचा जो परिपाठ सर्वत्र रूढ झाला, त्याची आवश्यकता मलकोवालइतकी स्पष्टपणें क्वचितच दिसून येते.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना आहे कीं, वैद्यकाच्या बाडांसमवेत जुन्या औषधालयांच्या वह्या, किंमतपत्रकें, बाटल्यांवरील चिठ्या व टोंचणीचे दाखले हेही जपून ठेवावे. पोथीचें महत्त्व सर्वांस कळतें, म्हणून ती वांचते. चिठी रद्दींत जाते. औषधाच्या इतिहासांत मात्र पोथी फक्त कृति सांगते, आणि त्या कृतीनें झालें काय, हें चिठीच सांगते.