जुनी काचेची बाटली किती जुनी? वय कसं ओळखायचं

कोल्हापुरात जुन्या वस्तू विकणाऱ्यांकडे गोटी सोड्याची बाटली हातात घेतली, की "ब्रिटिश काळातली आहे साहेब, दीडशे वर्षांची" हे वाक्य हमखास ऐकू येतं. किंमतही त्याच हिशोबाने सांगितली जाते. हा दावा घरच्या घरी कसा तपासायचा, ते आज पाहू.

आधी दोन शॉर्टकट बाजूला ठेवू. गुगल लेन्स फक्त सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शोधून देतं, वय मोजत नाही. आणि कार्बन डेटिंगला एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूतला कार्बन लागतो. काच बनते वाळू, सोडा आणि चुन्यापासून, त्यामुळे तो मार्ग बंद.

मूळ नियम

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: बाटलीचं वय म्हणजे एक रेंज. प्रत्येक खूण एक तर मिनिमम देते (याआधीची नाही) किंवा मॅक्सिमम (यानंतरची नाही). सगळ्या खुणा एकत्र करून रेंज लहान करत जायचं.

गोटीच्या बाटलीचंच घ्या. हायरम कॉड या इंग्रज माणसाने १८७२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. हा झाला मिनिमम. पण अशा बाटल्या भारतात पुढेही बनत राहिल्या आणि गोटी सोडा आपण आजही पितो. म्हणजे मॅक्सिमम नाहीच! नुसती गोटी बघून "दीडशे वर्षं" म्हणता येत नाही.

काचेवरच्या खुणा

- साच्याची रेघ: बाटलीच्या बाजूने नख वर फिरवत न्या. रेघ तोंडाच्या कडेपर्यंत गेली असेल, तर बाटली बहुधा मशीनची, म्हणजे विसाव्या शतकातली. मायकेल ओवेन्सचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन १९०३ च्या सुमाराचं. रेघ मानेवरच थांबली, तर तोंड हाताने घडवलेलं आहे.
- बूड: मधोमध खडबडीत गोल व्रण असेल, तर तिथे काम करताना लोखंडी दांडी चिकटवलेली होती. ही हातकामाची खूण.
- तोंडाचा प्रकार: पत्र्याच्या बुचाचं (क्राऊन कॅप) पेटंट १८९२ चं. तशा बुचासाठी घडवलेलं तोंड त्याआधीचं नाही.
- जांभळी छटा: काच पांढरी दिसावी म्हणून मँगनीज घालत. उन्हात वर्षानुवर्षं राहून ती जांभळट होते. पण किरणोत्सर्गाने हा रंग मुद्दामही आणता येतो, म्हणून यावर पैसे लावू नका.

परदेशी तक्ता जसाच्या तसा वापरू नका

इंटरनेटवरचे बहुतेक तक्ते अमेरिकन बाटल्यांचे आहेत. "रेघ मानेवर थांबली म्हणजे १९१५ च्या आधीची" हा हिशोब तिथला. आपल्याकडे तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ मध्ये आणि कराडजवळ ओगलेवाडीचा ओगले ग्लास वर्क्स १९१६ मध्ये सुरू झाला. भारतात हाताने फुंकून काच बनवणं त्यानंतरही अनेक दशकं चालू होतं. त्यामुळे इथे ती रेघ बनवण्याची पद्धत सांगते, साल सांगत नाही.

आपल्या खुणा जास्त कामाच्या

- "कोल्हापूर स्टेट": संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्यामुळे हे शब्द असतील तर बाटली त्याआधीची, आणि "जिल्हा कोल्हापूर" असेल तर त्यानंतरची.
- औंस की मिली: मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, अंमल १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. औंस असेल तर बाटली बहुधा साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची.
- किंमत: आणे असतील तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची. "नये पैसे" असतील तर १९५७ ते १९६४.
- पिनकोड: सहा आकडी असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा.

एक फरक लक्षात ठेवा. काचेतच उठवलेली अक्षरं बाटलीचं वय सांगतात. कागदी लेबल ती कधी भरली एवढंच सांगतं, कारण रिकाम्या बाटल्या पुन्हा भरल्या जायच्या. म्हणून लेबलवरून मॅक्सिमम मिळतो, मिनिमम नाही.

एक उदाहरण

माझ्याकडच्या औषधाच्या बाटलीवर साच्याची रेघ मानेवर थांबते. अमेरिकन तक्त्याने ती शंभरीपार गेली असती. पण काचेत इंग्रजीत "डिस्ट. कोल्हापूर" आणि "४ औंस" असं उठवलेलं आहे. जिल्हा म्हणजे मिनिमम १९४९. औंस म्हणजे मॅक्सिमम साधारण १९६२, जुना साचा काही वर्षं वापरात राहिला असेल तर थोडं पुढे. रेंज झाली जेमतेम पंधरा वर्षांची. विकणाऱ्याचा "ब्रिटिश काळ" इथेच संपला, आणि किंमतही त्यानुसार खाली आली.

तुमच्या माळ्यावर अशी बाटली सापडली, तर लगेच धुवू नका. आधी लेबल, बूड आणि तोंडाचे जवळून फोटो काढा, टॉर्च तिरका धरून उठावाची अक्षरं वाचा, आणि मिनिमम-मॅक्सिमम कागदावर लिहून काढा. एकही मॅक्सिमम सापडला नाही, तर "अँटिक" म्हणून पैसे मोजू नका.