नवशिक्यांची भाषा, कारभाऱ्यांची भाषा

अॅमस्टरडॅमच्या पूर्व भागात सायन्स पार्क नावाचं छोटं रेल्वे स्टेशन आहे. तिथून थोडं चाललं की सीडब्ल्यूआय ही गणित आणि संगणकशास्त्राची संशोधन संस्था लागते. आम्ही आम्स्टलवेनला राहायला आल्यापासून मी किती तरी वेळा तिच्यावरून गेले असेन. पण जिच्यावर माझी मीठभाकरी चालते ती पायथन भाषा याच संस्थेतली, हे मला फार उशिरा कळलं.

मी कॉमर्सची पदवीधर. इथे एका कंपनीत हेल्पडेस्कवर नोकरी मिळाली. नव्या कर्मचाऱ्यांची संगणकावर खाती उघडायची, हे काम. एक्सेलच्या यादीतलं नाव उचला, चौकटीत भरा, बटण दाबा, पुढचं नाव. एकदा एकदम दोनशे नावं आली. माझा चेहरा बघून शेजारच्या सहकाऱ्याने बाराएक ओळींची स्क्रिप्ट लिहून दिली. माझा चहा संपायच्या आत यादी संपली. पण वेगापेक्षा मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं: त्या ओळी मला वाचता येत होत्या!

त्या का वाचता आल्या, याचं उत्तर इतिहासात आहे.

१९८०च्या दशकात सीडब्ल्यूआयमध्ये लाम्बर्ट मेर्टेन्स आणि त्यांचे सहकारी एबीसी नावाची भाषा घडवत होते. तेव्हा नवशिक्यांना बेसिक शिकवत. तिच्याहून सोपी, तरीही शिस्तीची भाषा त्यांना हवी होती. कंसांच्या जंजाळाऐवजी ओळ थोडी आत सरकवून लिहायची, की कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे ते डोळ्यांनाच दिसतं. गिडो व्हान रॉसम हा तरुण या कामात होता. भाषा देखणी झाली, पण तिचे हात बांधलेले होते. संगणकावरच्या फायलींशी, इतर प्रोग्रॅमशी तिला धड बोलता येत नसे. शिकून झाल्यावर पुढे काय, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. ती फारशी पसरली नाही.

पुढे गिडो अमीबा या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पावर गेला. तिथे सिस्टीम सांभाळण्यासाठी लहानलहान साधनं लागत. ती सी भाषेत लिहायची म्हणजे दोन भाकऱ्यांसाठी गिरणी उभारण्यासारखं. युनिक्सवाले अशा कामाला १९७९ पासून बॉर्न शेल वापरत, पण अमीबाच्या आतल्या सोयींपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. म्हणून १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत गिडोने नवी भाषा लिहायला घेतली. वाचायला एबीसीसारखी, कामाला शेलसारखी हाताशी. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती त्याने जगाला खुली केली. तिकडे अमेरिकेत, भाषाशास्त्र शिकलेल्या लॅरी वॉलने अशाच गरजेतून १९८७ मध्ये पर्ल आणली होती.

शिकायची भाषा सोपी आणि कामाची भाषा अवघड, असं आपण धरून चालतो. पायथनची जन्मकथा वेगळं सांगते. नवशिक्याला दोन ओळी लिहून लगेच उत्तर बघायचं असतं. सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटरलाही तेच हवं असतं, कारण रात्री दोन वाजता बंद पडलेला सर्व्हर थांबायला तयार नसतो. शिवाय त्या वेळी समोरची स्क्रिप्ट बहुधा दुसऱ्याच कोणी लिहिलेली असते. ती वाचता आली तरच दुरुस्त होणार.

अर्थात स्क्रिप्ट चूकही त्याच वेगाने करते. एकदा मी चुकीची यादी दिली आणि चालू असलेली नव्वद खाती बंद करून बसले. सकाळी फोनवर फोन! तेव्हापासून माझी प्रत्येक स्क्रिप्ट पहिल्या फेरीत काही करत नाही. काय करणार आहे, तेवढं फक्त छापून दाखवते. मी ते वाचते आणि मगच तिला मोकळं सोडते.

परवा सांगलीहून भाचीचा फोन आला. "मावशी, कोडिंग शिकायचंय. सुरुवात कुठून करू?"

मी विचारलं, "रोज कंप्युटरवर कोणतं काम करायचा कंटाळा येतो?"

"बाबांच्या दुकानाच्या बिलांच्या फायलींना तारखेप्रमाणे नावं द्यायचा."

"मग तिथूनच कर. पण आधी फायलींची एक प्रत बाजूला काढून ठेव."